मुक्या साक्षीदाराची कहाणी

वैद्य घरीं आला म्हणजे रोग्यानें प्रथम हात पुढें करावयाचा, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेंत अंगठ्याच्या मुळाशीं उडणाऱ्या नाडीला जीवाची साक्षीदार मानिलें असून, ती केव्हां सापासारखी, केव्हां बेडकासारखी, तर केव्हां हंसासारखी चालते असें वर्णन केलें आहे. त्रिदोषांची ती उपपत्ति कोणी मानो वा न मानो. त्या वर्णनामागचें निरीक्षण मात्र खोटें नाहीं. जिवंत माणसाची नाडी कधींच यंत्रासारखी चालत नाहीं. श्वास आंत घेतांना ती किंचित् जलद होते, सोडतांना मंदावते. निजलेला माणूस उठून उभा राहिला कीं ती धांवूं लागते. राग, भीति, आनंद, जिना चढणें, या प्रत्येकाची नोंद तिच्यांत उमटते. लोकव्यवहारांत मात्र ‘नाडी अगदीं घड्याळासारखी चालली आहे’ असें म्हणणें ही प्रकृतीची प्रशंसा समजली जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वैद्यकशास्त्राला या समजुतीची दुसरी बाजू दिसली. पुष्कळ वर्षें मधुमेह भोगलेल्या कांहीं रोग्यांची नाडी खरोखरच घड्याळासारखी, श्वासाची किंवा उठण्याबसण्याची पर्वा न करतां, एकाच ठेक्यांत चालते असें आढळलें. आणि असे रोगी इतरांच्या मानानें लवकर दगावतात, हेंही पुढें आढळून आलें. त्यांच्यापैकीं कित्येकांना हृदयविकाराचा झटका येऊन जाई, तरी छातींत कळ म्हणून येत नसे. साक्षीदार हजर होता, पण त्याची वाचा गेली होती. ती कशी जाते, आणि ती गेली आहे हें वैद्यांनीं कसें ओळखलें, हा वैद्यकाच्या इतिहासांतील एक मोठा उद्बोधक अध्याय आहे.

मधुमेह हा रोग भरतखंडाला नवा नाहीं. लघवीला मधासारखी गोडी येते व तिला मुंग्या लागतात, ही गोष्ट प्राचीन आयुर्वेदाचार्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती. सुश्रुतानें तर प्रमेहाचे दोन भेद सांगितले. एक जन्मतःच आलेला; त्याचा रोगी कृश, रुक्ष व सतत तहानलेला. दुसरा अपथ्यानें ओढवलेला. त्याचा रोगी स्थूल, खादाड आणि बिछान्यावर लोळण्याची आवड असलेला. पुढें १९३६ सालीं लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनीं इन्सुलिनला चटकन् वश होणारे व सहसा वश न होणारे असे मधुमेहींचे दोन वर्ग प्रयोगानें दाखविले. पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असा जो भेद आज घरोघर ऐकूं येतो, त्याचा पाया तेथें घातला गेला. दुसऱ्या प्रकाराची खोड अशी, कीं तो पावलें न वाजवितां येतो. तहान, थकवा अशीं लक्षणें इतकीं सौम्य असतात, कीं निदान होण्यापूर्वीं कित्येक वर्षें तो शरीरांत बिऱ्हाड करून राहूं शकतो. आणि त्या काळांतही त्याचें नासधुशीचें काम थांबलेलें नसतें.

मधुमेहाचा मज्जातंतूंशीं कांहीं संबंध आहे, ही कल्पना युरोपांत प्रथम मूळ धरूं लागली ती मात्र उलट्या रूपानें. १८४९ सालीं क्लोद बर्नार या थोर फ्रेंच शास्त्रज्ञानें सशाच्या मेंदूच्या तळाशीं, ज्याला चौथें विवर म्हणतात त्याच्या पृष्ठभागीं, सुई टोंचली; आणि थोड्याच वेळांत त्या सशाच्या लघवींत साखर उतरली. प्रयोग विलक्षण होता. त्यावरून मधुमेह हा मुळांत मज्जासंस्थेचाच रोग असावा, असें अनुमान कित्येकांनीं बांधलें. १८६४ सालीं मार्शल द काल्व्ही या दुसऱ्या फ्रेंच वैद्यानें तें अनुमान पालथें केलें. मज्जातंतु बिघडल्यामुळें मधुमेह होत नाहीं; मधुमेहामुळें मज्जातंतु बिघडतात, असें त्यानें प्रतिपादन केलें. कार्य आणि कारण यांची ही अदलाबदल वरवर पाहतां लहान वाटते. परंतु पुढील सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. लंडनच्या गाइज् रुग्णालयांतील फ्रेडरिक पेव्ही यांनीं मधुमेहींच्या पायांत होणाऱ्या वेदनांचें, विशेषतः रात्रीं बळावणाऱ्या वेदनांचें, बारकाईनें वर्णन केलें. तरीही वैद्यांचें लक्ष होतें तें पायांकडे. मुंग्या, जळजळ, बधिरता हीं रोगी स्वतः सांगूं शकतो. टांचणी टोंचून तीं तपासतां येतात. जे मज्जातंतु माणसाच्या इच्छेविरहित, त्याच्या नकळत, रात्रंदिवस काम करतात, त्यांची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांत आलें नव्हतें.

त्या मज्जातंतूंचा शोध वेगळ्याच वाटेनें चालला होता. छातींतून बाहेर काढलेलें बेडकाचें हृदय कांहीं काळ आपलें आपण उडत राहतें, हें शास्त्रज्ञांना ठाऊक होतें. मग मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या मज्जातंतूंचें प्रयोजन काय? १८४५ सालीं अर्न्स्ट व एडुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनीं या प्रश्नाचें अनपेक्षित उत्तर शोधून काढलें. मेंदूपासून निघून मानेंतून छातींत व पोटांत उतरणारा व्हेगस नांवाचा एक लांब मज्जातंतु आहे. त्याला विजेनें चेतविलें असतां हृदय जलद होण्याऐवजीं मंद झालें, इतकेंच नव्हे तर क्षणभर थांबलें. मज्जातंतूचें काम चेतविण्याचेंच असतें, आंवरण्याचें नसतें, या समजुतीला तो मोठाच धक्का होता. दोनच वर्षांनीं, १८४७ सालीं, कार्ल लुडविग यांनीं फिरत्या नळकांड्यावर रक्ताच्या दाबाची रेघ उमटविणारें यंत्र तयार केलें, आणि श्वासाबरोबर नाडी जलद व मंद होते हें त्या रेघेवर सर्वांना डोळ्यांनीं पाहतां आलें. १८९८ सालीं केंब्रिजच्या लँग्ले यांनीं या सर्व अंतर्गत कारभाराला स्वायत्त मज्जासंस्था असें नांव दिलें.

या संस्थेचें काम समजण्यास टांग्याचें उदाहरण पुरेसें आहे. घोडा धांवतो तो स्वतःच्या बळावर. परंतु हांकणाऱ्याच्या एका हातांत लगाम आणि दुसऱ्या हातांत चाबूक असतो. हृदयाचा लगाम म्हणजे व्हेगस, व चाबूक म्हणजे अनुकंपी मज्जातंतु. दोन्हींपासून तोडलेलें हृदय मिनिटाला सुमारें १०० ठोके देत राहतें. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाची नाडी ७० च्या आसपास असते, ती केवळ लगाम किंचित् खेंचून धरलेला असतो म्हणून. हा लगाम कसला बनलेला आहे, हें १९२१ सालीं ग्राट्स येथील ओटो लोवी यांनीं दाखविलें. प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नांत सुचली. रात्रीं उठून त्यांनीं ती टिपून ठेविली, पण सकाळीं स्वतःचेंच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्रीं तेंच स्वप्न पुन्हां पडलें, तेव्हां ते तडक प्रयोगशाळेंत गेले. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस त्यांनीं चेतविला, त्या हृदयाभोंवतालचें पाणी काढून दुसऱ्या हृदयाला दिलें, आणि तें दुसरें हृदयही मंदावलें. मज्जातंतूचा निरोप एका रसायनाच्या द्वारें पोंचतो, हें त्यावरून सिद्ध झालें. १९३६ सालीं लोवी व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

हृदयाकडून उलट दिशेनें येणारा एक निरोपही आहे, आणि तो म्हणजे वेदना. विल्यम हेबर्डन यांनीं १७६८ सालीं लंडनच्या वैद्यमंडळापुढें छातीच्या एका विकारावर निबंध वाचला व १७७२ सालीं तो छापून प्रसिद्ध झाला. चालतांना, विशेषतः चढण चढतांना, छाती आवळल्यासारखी कळ येते, आणि थांबलें कीं ती जाते, असें त्यांनीं या हृच्छूळाचें चित्र रेखाटलें. सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांना हाच विकार होता. १७९३ सालीं आपल्या रुग्णालयाच्या एका बैठकींत वादावादी झाली, आणि त्या क्षोभांतच त्यांचा अंत झाला. १९१२ सालीं शिकागोच्या जेम्स हेरिक यांनीं हृदयाला रक्त पुरविणारी धमनी एकाएकीं बंद झाली तरी रोगी वांचूं शकतो, व तो विकार जिवंतपणीं ओळखतां येतो, असें दाखवून दिलें. त्याच सुमारास लायडनच्या आइन्टहोव्हेन यांचें हृदयाची विद्युत् टिपणारें यंत्र प्रचारांत येऊं लागलें होतें. रोग्याचे हात व पाय मिठाच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत ठेवून हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा आलेख काढतां येऊं लागला. तथापि वैद्य काय किंवा रोगी काय, सर्वांची पहिली भिस्त राहिली ती कळेवर. ज्याच्या छातींत कळ नाहीं त्याचें हृदय ठीक आहे, हें जणूं गृहीतच धरलें गेलें.

मधुमेहाची वाट व हृदयाची वाट अशा या दोन वाटा एकत्र येण्यास माणसानें मधुमेह घेऊन दीर्घकाळ जगणें अवश्य होतें. तें इन्सुलिननें घडवून आणलें. कॅनडांतील टोरोंटो शहरीं बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड व कॉलिप यांच्या परिश्रमांतून तें औषध निर्माण झालें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याची पहिली टोंचणी देण्यांत आली. पहिला अर्क अशुद्ध निघाला. परंतु त्याच महिन्यांत कॉलिप यांनीं शुद्ध केलेल्या अर्कानें मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. इन्सुलिननें तरुणांचे प्राण वांचविले, आणि पुढें जंतुघ्न औषधें आल्यावर प्रौढ मधुमेहीही सडलेल्या जखमांतून व तापांतून वांचूं लागले. पण जो वीस वर्षें जगतो त्यालाच विसाव्या वर्षाचा रोग भेटतो. आयुष्य वाढलें, आणि त्याबरोबर मधुमेहाचे ते परिणाम उजेडांत आले, जे पूर्वीं दिसण्याइतके रोगी जगतच नसत. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें आणि मज्जातंतु हीं त्यांचीं मुख्य स्थानें ठरलीं. १९४५ सालीं अमेरिकेंतील वेन रंडल्स यांनीं मज्जाविकार जडलेल्या १२५ मधुमेहींचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत पायांच्या बधिरतेबरोबरच पोटाच्या व मूत्राशयाच्या तक्रारी, घामांतील फेरफार, आणि उभें राहतांच रक्तदाब उतरणें यांचीही नोंद होती. स्वायत्त मज्जासंस्थाही या रोगाच्या तावडींतून सुटत नाहीं, ही गोष्ट आतां दृष्टीआड करतां येण्यासारखी राहिली नाहीं.

मग वेदनारहित झटक्यांचें कोडें पुढें आलें. १९६२ सालीं अमेरिकेंतील ब्रॅडली व शॉनफेल्ड यांनीं हृदयविकाराचा झटका आलेल्या मधुमेहींची इतर रोग्यांशीं तुलना केली; कळ मुळींच न येण्याचें किंवा अगदीं क्षीण येण्याचें प्रमाण मधुमेहींत पुष्कळ अधिक आढळलें. कळेच्या ऐवजीं दम लागणें, दरदरून घाम सुटणें, मळमळ, एकाएकीं गळून जाणें, किंवा कांहीं कारण नसतां साखर वाढणें, एवढींच लक्षणें दिसत. अशा रोग्याला अजीर्ण झालें किंवा वयोमानानें थकवा आला असें घरचे समजत, आणि उपचाराचे पहिले मोलाचे तास निघून जात. हा मुका झटका एकट्या मधुमेहींच्याच वांट्याला येतो असें मात्र नाहीं. बोस्टनजवळील फ्रॅमिंगहॅम गांवांत १९४८ पासून हजारों नागरिकांची दर दोन वर्षांनीं तपासणी होत आली. १९८४ सालीं तीस वर्षांचा जो हिशेब मांडण्यांत आला त्यांत, ७०८ झटक्यांपैकीं चौथ्या हिश्श्याहून अधिक झटके केवळ नित्याच्या विद्युत्-आलेखामुळें कळून आले होते. म्हणजे सर्वच गुपचूप झटक्यांचें खापर मज्जातंतूंवर फोडतां येत नाहीं. तरीपण मधुमेहींच्या बाबतींत मज्जातंतु खरोखरच नासलेले असतात काय, या प्रश्नाला अर्जेंटिनांतील फायरमन व त्यांचे सहकारी यांनीं १९७७ सालीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं उत्तर शोधलें. वेदनारहित झटक्यानें मृत्यु पावलेल्या मधुमेहींच्या हृदयांतील मज्जातंतु त्यांनीं तपासले. ते विरळ झालेले, ठिकठिकाणीं गांठाळलेले व तुटलेले दिसले. निरोप घेऊन जाणारी तारच तुटलेली होती.

परंतु मृताच्या हृदयांत दिसलेलें व्यंग जिवंत रोग्यांत ओळखावें कसें? या प्रश्नाची उकल आश्चर्यकारक साधेपणानें झाली. १९७३ सालीं लंडनच्या किंग्ज् कॉलेज रुग्णालयांतील व्हीलर व वॉटकिन्स यांनीं मधुमेहींना संथपणें खोल श्वास घेण्यास सांगितलें आणि हृदयाच्या एकेका ठोक्यामधील अंतर मोजलें. निरोगी माणसाचे ठोके श्वासाबरोबर भरतीओहोटीसारखे वाढतात व उतरतात. स्वायत्त मज्जासंस्था बिघडलेल्या मधुमेहींच्या आलेखांत ही भरतीओहोटी जवळजवळ नाहींशी झाली होती. लगामाचें घोड्याच्या तोंडाशीं असलेलें नातें सुटलें होतें. स्कॉटलंडांत एडिंबरो येथें डेव्हिड यूइंग, इयन कँपबेल व क्लार्क यांनीं याच दिशेनें पांच चाचण्यांचा एक संच बसविला. पहिली चाचणी खोल श्वासाची: मिनिटाला सहा श्वास घेतांना नाडीच्या उच्चतम व नीचतम गतींत १५ किंवा अधिक ठोक्यांचा फरक पडला तर चांगलें, १० किंवा कमी असेल तर मज्जातंतु दुखावले आहेत. दुसरी, निजलेल्या स्थितींतून उभें राहतांच नाडी प्रथम जलद व मग मंद होते कीं नाहीं तें पाहण्याची. तिसरी, उभें राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो तें मोजण्याची. चौथी, मूठ कांहीं मिनिटें आवळून धरली असतां रक्तदाब किती चढतो तें मोजण्याची. पांचवी चाचणी म्हणजे रोग्यानें एका नळींत पंधरा सेकंद जोरानें फुंकर धरून ठेवावयाची, आणि त्या वेळीं व त्यानंतर नाडीची गति कशी बदलते तें पाहावयाचें.

या पांचव्या चाचणीचा पूर्वेतिहास मौजेचा आहे. इटलींतील बोलोन्या येथील आंतोनिओ व्हाल्साल्व्हा या शरीरशास्त्रज्ञानें १७०४ सालीं कानावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नाक व तोंड बंद करून जोरानें श्वास बाहेर ढकलावा, म्हणजे कानांतील पू बाहेर पडण्यास मदत होते, असें त्यानें त्यांत सांगितलें. ती युक्ति पुढें त्याच्याच नांवानें ओळखली गेली. कान साफ करण्यासाठीं सांगितलेली ही क्रिया अडीचशेंहून अधिक वर्षांनीं हृदयाच्या मज्जातंतूंची परीक्षा घेण्यास उपयोगीं पडली. ज्ञानाच्या भांडारांत कोणतें नाणें केव्हां चालेल, याचा नेम नसतो.

या चाचण्यांनीं जें भविष्य वर्तविलें तें मात्र मौजेचें नव्हतें. यूइंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ७३ मधुमेहींच्या प्रकृतीचा पांच वर्षेंपर्यंत मागोवा घेतला आणि १९८० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्यांच्या चाचण्या बिघडलेल्या होत्या त्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक पांच वर्षांच्या आंत वारले. त्यांतील बऱ्याच जणांचीं मूत्रपिंडेंही निकामी झालेलीं होतीं. पण कांहींना मृत्यूनें पूर्वसूचना न देतां गांठलें होतें. त्यापूर्वीं १९७८ सालीं पेज व वॉटकिन्स यांनीं दुसरा एक धोका नजरेस आणला होता. अशा रोग्यांना शस्त्रक्रियेसाठीं भूल दिली असतां किंवा श्वास मंद करणारें औषध दिलें असतां, त्यांचा श्वास व हृदय एकाएकीं बंद पडल्याचीं उदाहरणें त्यांनीं नोंदविलीं. एडिंबरोचे ते रोगी रोगाच्या पुढच्या पायरीवरचे होते, म्हणून तो आंकडा सरसकट सर्व मधुमेहींना लावणें युक्त होणार नाहीं. २००३ सालीं १५ अभ्यासांतील २,९०० मधुमेहींची माहिती एकत्र करण्यांत आली, तेव्हां हृदयाचे मज्जातंतु बिघडलेल्यांच्या मृत्यूचें प्रमाण इतर मधुमेहींच्या सुमारें दुप्पट भरलें. हा आंकडा पहिल्याहून सौम्य असला, तरी दुर्लक्ष करण्यासारखा खचित नाहीं.

हा बिघाड एका दिवसांत होत नाहीं. रक्तांत साखर वर्षानुवर्षें अधिक राहिली म्हणजे मज्जातंतूंच्या पेशींत तिच्यापासून निराळीं द्रव्यें बनून साचतात. शिवाय मज्जातंतूंना पोसणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत वाढलेला रक्तदाब, रक्तांतील चरबी, स्थूलपणा व धूम्रपान हीं त्यांत भर टाकतात. लांब तंतूंना झळ आधीं लागते. म्हणूनच पायांचे तंतु आधीं बधिर होतात, आणि हृदयाच्या बाबतींत लांबलचक व्हेगसची शक्ति प्रथम खचते. लगाम सुटला कीं स्वस्थ बसलेल्या माणसाचीही नाडी ९० किंवा १०० च्या वर राहूं लागते, आणि कांहीं कारण नसतां ती तशीच राहते. पुढें चाबूकही हातांतून गळतो. मग माणूस उभा राहतांच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरतें, रक्तवाहिन्या वेळेवर आकुंचन पावत नाहींत, आणि डोळ्यांपुढें अंधारी येते. सकाळीं अंथरुणांतून उठतांना झोंक जाणारा वृद्ध मधुमेही दरवेळीं केवळ अशक्तपणामुळेंच धडपडतो असें नव्हे.

रोगाची ओळख पटली. पण त्यावर उपाय काय? येथें इतिहासानें एक आशेचा व एक सावधगिरीचा धडा दिला आहे. १९९३ सालीं अमेरिकेंतील व कॅनडांतील पहिल्या प्रकारच्या १,४४१ मधुमेहींवरील मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर झाला: साखर प्रथमपासून काटेकोर ताब्यांत ठेविली तर मज्जातंतूंची हानि पुष्कळच कमी होते. दुसऱ्या प्रकारासाठीं डेन्मार्कमधील स्टेनो संस्थेनें १६० रोग्यांवर दुसरा प्रयोग केला. त्यांतील निम्म्या लोकांची एकटी साखरच नव्हे, तर रक्तदाब, चरबी, आहार, व्यायाम व तंबाखू या सर्वांची एकदमच काळजी घेण्यांत आली. १९९९ व २००३ सालच्या वृत्तांतांत असें दिसलें, कीं या रोग्यांत स्वायत्त मज्जातंतूंचा विकार बळावण्याचा धोका नेहमींच्या उपचारांच्या मानानें निम्म्याहूनही खालीं आला. हा झाला आशेचा धडा. सावधगिरीचा धडा २००८ सालीं मिळाला. अमेरिकेंत व कॅनडांत दुसऱ्या प्रकारच्या १०,२५१ मधुमेहींवर चाललेल्या एका प्रयोगांत अर्ध्या रोग्यांची साखर निरोगी माणसाइतकी खालीं आणण्याचा प्रयत्न झाला. हे बहुतेक रोगी जुने होते. या गटांत २५७ मृत्यु झाले, तर सौम्य उपचारांच्या गटांत २०३. आणि तो कडक उपचार मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. २०१० सालीं त्याच प्रयोगांतील माहितीची फेरतपासणी झाली, तेव्हां आरंभींच हृदयाचे मज्जातंतु बिघडलेले होते अशांच्या मृत्यूचें प्रमाण, उपचार कडक असो वा सौम्य, इतरांच्या सुमारें दीडपट ते दुप्पट आढळलें. जी काळजी रोगाच्या सकाळीं तारक असते तीच संध्याकाळीं घाईनें व अतिरेकानें केली तर मारक होऊं शकते, एवढें तात्पर्य त्यांतून निश्चित निघालें. नासलेला मज्जातंतु पुन्हां पूर्ववत् करील असें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं.

मग सर्वच मधुमेहींच्या हृदयाची महागड्या यंत्रांनीं झडती घ्यावी काय? हाही प्रयोग होऊन चुकला आहे. दुसऱ्या प्रकारच्या, छातींत कसलीही तक्रार नसलेल्या ५२२ मधुमेहींची किरणोत्सर्गी द्रव्य वापरून तपासणी केली असतां, ११३ जणांच्या, म्हणजे शेंकडा २२ जणांच्या, हृदयाला रक्त कमी पडत असल्याचें २००४ सालीं जाहीर झालें. तें कोणाच्या बाबतींत निघेल याचें सर्वांत सबळ पूर्वचिन्ह काय होतें? वयही नव्हे, कोलेस्टेरॉलही नव्हे. व्हाल्साल्व्हाच्या त्या फुंकरीच्या चाचणींतील बिघाड हें तें चिन्ह होतें. पुढें २००९ सालीं असेंही दिसून आलें, कीं अशी सरसकट यांत्रिक झडती घेतल्यानें हृदयविकाराचे झटके किंवा त्यांमुळें होणारे मृत्यु लक्षणीय प्रमाणांत कमी झाले नाहींत. यंत्र महाग असलें म्हणजे त्याचें उत्तर अधिक मोलाचें असतें, असें नाहीं.

२००९ सालीं या विषयांतील तज्ज्ञ टोरोंटो येथें जमले आणि हृदयाच्या या मज्जाविकाराची व्याख्या व परीक्षा यांविषयीं त्यांनीं एकमतानें निर्णय दिले. ज्या शहरांत मधुमेहींना दीर्घायुष्याची देणगी मिळाली, त्याच शहरांत त्या दीर्घायुष्याच्या एका छुप्या शत्रूचें नांवगांव निश्चित व्हावें, हा योगायोग चिंतनीय आहे. आज दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्याची या दृष्टीनें विचारपूस निदानाच्या दिवसापासूनच सुरू करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. कारण रोग केव्हां शिरला हें त्या दिवशीं कोणालाच सांगतां येत नाहीं.

घरांतील माणसांनीं या इतिहासांतून घ्यावयाचा बोध फारसा अवघड नाहीं. ज्याला दहा-पंधरा वर्षें मधुमेह आहे त्याचा रक्तदाब केवळ बसवून न मोजतां निजवून व उभें करूनही मोजावा, अशी विनंति वैद्याला करावी. अशा माणसानें अंथरुणांतून झटकन् न उठतां, क्षणभर कांठावर बसून मग उभें राहावें. कोणतीही शस्त्रक्रिया करावयाची असल्यास मधुमेह किती वर्षांचा आहे आणि उभें राहतांना अंधारी येते काय, हें भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावें. नाडी विश्रांतींतही सतत जलद राहत असेल, तर ती गोष्ट वैद्याच्या कानीं घालावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एकाएकीं दम लागला, घाम फुटला, विलक्षण ग्लानि आली, तर ‘छातींत कुठें दुखतें आहे?’ असा प्रश्न विचारून, नकारार्थी उत्तर मिळतांच कोणीं निश्चिंत होऊं नये. विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. वेदना ही शत्रु वाटते. परंतु ती पहारेकऱ्याची हांक आहे. पहारेकरी गप्प राहिला म्हणजे चोर आला नाहीं असें होत नाहीं. जीवाचा साक्षीदार बोलत नसेल, तर त्याच्याकडे आपण होऊन जावें, त्याला उभें करावें, खोल श्वास घ्यावयास सांगावें, आणि त्याच्या मौनाचाच अर्थ लावावा. गेल्या पन्नास वर्षांत वैद्यक शास्त्रानें हेंच केलें. आणि मुक्याची ही साक्ष वेळेवर ऐकली जावी, यासाठीं तें आतां घरच्या माणसांच्या सावधपणाची वाट पाहत आहे.